लपवलेल्या भाचीचं गाऱ्हाणं

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण तीस माणसांदेखत, न्हाऊन, हात जोडून आणि डोळे मिटून केलेला एकच. जिला माझ्या घरी लपवलं होतं, ती माझ्या घरी लपली आहे हे मी देवाला सांगितलं. देवाला सांगण्यात काही चूक नव्हती. पण आमच्या इब्रामपुरात देवाला हळू सांगायची सोय नाही, हे मी विसरले.

आमच्या भागात देवाकडे काही मागायचं तर आपण कोपऱ्यात पुटपुटत बसत नाही. आपली अडचण आधी गावकाराला सांगायची. गावकार म्हणजे देवळाचा मान असलेला गावातला वडीलधारा. तो देवासमोर उभा राहून आपल्या वतीने गाऱ्हाणं घालतो. कोणाचं, कुठलं, काय झालं, देवाने काय करावं, सगळं खणखणीत आवाजात. आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, म्हणजे आम्ही साक्षीला आहोत. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी हे ऐकत होते. कोणाची म्हैस हरवली, कोणाची सून नांदत नाही, कोणाच्या मुलग्याची नोकरी अडली, सगळं मला त्या देवळात कळलेलं. तरी स्वतःची पाळी आल्यावर मला वाटलं, माझं तेवढं देव एकटा ऐकेल.

तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची होते. आता त्र्याहत्तर. सदुसष्टाव्या वर्षी बाईमाणूस फार कोवळं असतं, त्याला जगाची काही कल्पना नसते.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण नार्व्याला दिलेली. ही पोर लहानपणी दर मे महिन्यात माझ्याकडे यायची. पहिल्या दिवशी आईची आठवण काढून रडायची आणि जायच्या दिवशी माझी आठवण काढून. पुढे ती कॉम्प्युटरचं शिकली आणि एका मोठ्या शहरात सरकारी कामावर लागली. कुठलं शहर, कुठलं खातं, ते मी लिहिणार नाही. उशिरा का होईना, अक्कल आली आहे.

ती आली ती चैत्रातल्या एका दुपारी, पाठीला एक पिशवी अडकवून, पायी. मी मागच्या पडवीत काजूच्या बोंडूंतून बिया पिळून काढत बसले होते. तिने पायताण काढलं, माझ्यासमोर बसली आणि एक बोंडू उचलून पिळू लागली. दहा-बारा बिया झाल्यावर म्हणाली, “मावशे, तीन आठवडे राहीन. कोणाला सांगायचं नाही.”

“लग्न मोडलं?” मी विचारलं. माझी झेप तेवढीच.

“माझं लग्न झालेलं नाही, मावशे.”

“म्हणून विचारते.”

ती हसली नाही, तेव्हा मी हात धुतले.

मग तिने सांगितलं, आणि मला समजावं म्हणून दोनदा सांगितलं. ती ज्या कचेरीत होती तिथे एक यंत्रणा चालवत होते. कोण कोणाला फोन करतो, किती वेळ बोलतो, कुठे उभा राहून बोलतो, पुढे कुठे जातो, सगळं जमा होत होतं. चोराचं, गुंडाचं नव्हे. सगळ्यांचं. शाळामास्तरांचं, डॉक्टरांचं, मोर्चाला गेलेल्यांचं, न गेलेल्यांचं. कोर्टाचा हुकूम नाही, कोणाची परवानगी नाही. तिचं काम ती यंत्रणा नीट चालू ठेवणं. तिने वरच्या साहेबाला विचारलं, तर तो म्हणाला, आपलं काम करावं. तिने लेखी विचारलं, तर तिची खुर्ची हलवली. मग तिने ते कागद एका वकीलबाईंकडे आणि एका वर्तमानपत्राकडे पोचवले. बातमी छापून आली. आता आतलं कोण फुटलं त्याचा शोध चालू होता. वकीलबाई डिचोलीच्या. सगळं कोर्टापुढे ठेवायला त्यांना तीन आठवडे हवे होते. त्याआधी हिला उचललं तर हिचे कागद, हिचं तोंड, सगळंच बंद होणार होतं.

“शोधायला आधी नार्व्याला जातील,” ती म्हणाली. “म्हणून तुझ्याकडे आले.”

“आणि नार्व्याला नाही सापडलीस तर?”

“तर तुझ्याकडे येतील. पण मधले दिवस मिळतील ना.”

मी तिला त्या दिवशी एक मूर्ख प्रश्न विचारला, तोही लिहून टाकते. म्हटलं, “अगं, आमच्या गावात कोणाच्या चुलीवर काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. मग सरकारला कळलं तर काय बिघडलं?”

ती म्हणाली, “शेजारीण तुझ्या परसात डोकावते तेव्हा तूही तिच्या परसात डोकावतेस. यांच्या परसात तुला डोकावता येतं?”

शेजारणीच्या परसात मी किती डोकावते हे हिला कसं कळलं, हाच विचार मी करत होते.

तर लपवायचं ठरलं आणि मी कामाला लागले. मला वाटे, मी फार हुशारीने सगळं केलं. पोदेर, म्हणजे सकाळी सायकलवरून पाव आणणारा, त्याच्याकडून दोन पाव जास्त घेतले आणि वर सांगितलं, डॉक्टरने पेज बंद केली आहे. पेडण्याहून टोपली घेऊन येणाऱ्या मासळीवालीकडून, जिला आम्ही नुस्तेकान्न म्हणतो, दोन बांगडे जास्त घेतले आणि सांगितलं, मांजरासाठी. दुकानात साबण घेताना, धुण्याला दोर कमी पडतो म्हणताना, प्रत्येक ठिकाणी मी एक नवीन थाप ठेवून यायची आणि घरी येऊन तिला सांगायची. ती कपाळाला हात लावायची. “मावशे, तुला कोणी विचारलं नव्हतं. तू का सांगितलंस?” मी म्हणायची, “विचारायच्या आधीच सांगावं. म्हणजे विचारत नाहीत.”

माझा मुलगा वास्कोला बंदरात कामाला. दर रविवारी त्याचा फोन येतो, नातवंडं बोलतात. त्या दोन रविवारी मी त्यांच्याशी अशी बोलले की मुलग्याने शेवटी सुनेला विचारलं म्हणे, आईला ताप आहे का.

पण ते दिवस. मला ते दिवस कसे लिहायचे कळत नाही. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात दुसऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज काय असतो हे मी विसरले होते. सकाळी मी पेज वाढायची आणि ती कैरीचा तोर दाताने तोडून खायची. आंबट लागला की एक डोळा मिटायची, लहानपणी मिटायची तसाच, डावा. दुपारी पडवीत बसून आम्ही दोघी बिया काढायचो. तिची बोटं कॉम्प्युटरवर चालणारी, चार दिवसांत काळी पडली. ती म्हणायची, “हे काम बरं आहे. बोंडू बोंडूकडे, बी बीकडे. कोणाचं काही चोरलं नाही.” मी म्हणायची, “बोंडूला विचारलंस?” तिने फोन आणलाच नव्हता. सुरुवातीला ती उगाच हात खिशाकडे न्यायची, मग तेही बंद झालं. ती मला बाहेरच्या गोष्टी सांगायची, मी तिला तिच्या आईच्या लहानपणच्या खोड्या सांगायची. माझ्या स्वतःच्या खोड्याही मी तिच्या आईच्याच नावावर सांगत होते. माझं स्वतःचं पोर मोठं होताना माझ्यापाशी असं बसलेलं मला आठवत नाही. घरकाम असायचं, शेत असायचं. हे दिवस देवाने मला परत दिलेले होते, आणि मी म्हणूनच देवाकडे गेले. ही राहावी, हिला कोणी नेऊ नये, एवढंच माझ्या मनात. आता विचार केला तर तिच्यासाठी किती मागत होते आणि माझ्यासाठी किती, ते मला निवडता येत नाही.

दोन आठवडे झाले. सोमवार होता. मी देवळात गेले, गावकाराला खांबाआड बोलावलं आणि म्हटलं, “गावकारानूं, एक लेकरू आहे, त्याची रखवाली कर, एवढंच देवाला सांगा.”

गावकार म्हणाला, “वयनी, खयचा लेकरू? देवाक पत्तो नको?”

“देवाला सगळं ठाऊक असतं.”

“देवाक बारा गावची कामां असत. अर्धामुर्धा सांगलास तर तो दुसऱ्याच कोणाच्या लेकराक राखीत बसतलो.”

हे मला पटलं. सदुसष्टाव्या वर्षी मला काहीही पटत असे. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने मान हलवत हलवत ऐकलं, मधे दोन प्रश्न विचारले, कुठे निजते आणि किती दिवस राहणार. तेही सांगितलं. मग त्याने पागोटं सारखं केलं, देवासमोर नारळ ठेवला आणि आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा, आज तुझ्या पायाकडे वरच्या वाड्यातली वयनी इली हा.”

“व्हय म्हाराजा,” मंडळी म्हणाली. मीसुद्धा म्हटलं.

“तिच्या नार्व्याच्या भयणीचा चेडू, शिकला-सवारलेला, सरकारचा एक वायट काम उघड्यार घालून हिच्या घरात येऊन रवला हा.”

“व्हय म्हाराजा.” हे जरा विस्कळीत आलं. काहीजणांनी सवयीने म्हटलं, काहींचं तोंड उघडं राहिलं. मी गावकाराचा सदरा मागून ओढला. त्याने हात मागे करून माझा हात सोडवला.

“मागच्या पडवेक निजता, दिसाचा भायर पडणा नाय. अजून आठ दीस रवतला. कोणाचा लुटून-लुबाडून इला नाय, तुमच्या आमच्यासाठीच इला हा. तेका सोधणारे येतले. त्येंची वाट चुकव, आणि ह्या गावातल्या जिभांका गाठ मार, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” ह्या वेळी देऊळ दणाणलं.

मी प्रसाद घेतला की नाही आठवत नाही. परतताना वाटेत ज्या बायका भेटल्या त्या माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या आणि काजूचा भाव काय म्हणून विचारू लागल्या. घरी पोचले तर ती पडवीतच होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो, भिंतीला टेकून हसली. “किती माणसं होती?” तिने विचारलं.

“तीसेक.”

“पडवीचंसुद्धा सांगितलं? मागची की पुढची तेही?”

“मागची.”

पुन्हा हसली. मग तिने हात धुतले, बिया मोजमापाच्या पायलीत भरून ठेवल्या आणि म्हणाली, “उद्या सकाळी जाते, मावशे.”

मी पुष्कळ बोलले. म्हटलं, गावाने व्हय म्हाराजा म्हटलं आहे, आता कोणाची छाती नाही तोंड उघडायची. म्हटलं, तुला नार्व्याच्या देवळात नेऊन लपवते, डिचोलीला नेते, कुठेही नेते. ती एवढंच म्हणाली, “राहता येणार नाही.” सकाळी पोदेर यायच्या आत ती मागच्या वाटेने निघाली. आमच्याकडून महाराष्ट्राची हद्द पायी अर्ध्या तासावर. मी तिच्या पिशवीत तोराचं लोणचं आणि चार पाव घातले. हद्दीपर्यंत जाऊ दिलं नाही तिने. फणसाच्या झाडापाशी मला थांबवलं, माझ्या पाया पडली आणि गेली. मी तिथे बराच वेळ उभी होते. मग पोदेराचा भोंगा ऐकू आला आणि मी घरी जाऊन त्याच्याकडून नेहमीचे, एकटीचे पाव घेतले. त्याने काही विचारलं नाही. मला थाप सांगावीशी वाटली, पण कशाबद्दल सांगणार.

चौथ्या दिवशी पांढरी गाडी आली. दोन माणसं, बोलायला सभ्य. त्यांनी आधी चहाच्या दुकानात चौकशी केली. चहावाला म्हणाला, गावात मावशा पुष्कळ असत, खयची व्हयी? गावकाराने त्यांना ओट्यावर बसवून गावाच्या शिमेची सगळी कथा सांगितली, कुठला दगड कोणी कधी हलवला ते. मग ते माझ्याकडे आले. एकाने पाणी मागितलं, मी गूळही दिला.

“आजी, तुमची भाची इथे आली होती का?”

“कुठली? मला अकरा भाच्या आहेत. दोघींची लग्नं राहिली आहेत. तुमचं झालंय?”

दुसरा हसला. पहिल्याने माझा फोन नंबर लिहून घेतला. मी म्हटलं, तो तुमच्याकडे असेलच की. यावर दुसऱ्याचंही हसणं थांबलं. हे बोलायला नको होतं, हे मला ते गेल्यावर कळलं. पुढे वास्कोला माझ्या मुलग्यालाही कोणी भेटून गेलं. गाडी पावसाळ्यापर्यंत तीनदा येऊन गेली. गावातून एक शब्द बाहेर पडला नाही.

वकीलबाईंनी कागद कोर्टापुढे ठेवले. खटला अजून चालू आहे. त्यात तिचं नाव झाकून ठेवलं आहे, एवढं मिळालं. एकदा मी वकीलबाईंना विचारलं, “खरं सांगणाऱ्या माणसाला सांभाळायचा कायदा नाही का आपल्याकडे?”

“आहे. मंजूरही झाला. पण लागू केलेला नाही.”

“म्हणजे भात रांधून झाकून ठेवलाय आणि वाढायचा नाही?”

“तसंच म्हणा,” त्या म्हणाल्या. “आणि तुमच्या भाचीसारख्यांना तो कितपत पुरला असता, कोण जाणे.”

ती कुठे आहे ते मला माहीत नाही. विचारायचं नाही असं ठरलं आहे. सहा चैत्र झाले. दर वर्षी काजू येतो, मी पडवीत बसते आणि बोंडूंचा ढीग मुद्दाम दोघींना पुरेल असा मधे ठेवते, मग हात पोचत नाही म्हणून स्वतःच सरकवते. तोराचं लोणचं घालते. एक बरणी उघडत नाही. ती जुनी झाली की पुढच्या वर्षी उघडते आणि नवी झाकून ठेवते. नातवंडं विचारतात, आजी, ही बरणी कोणाची? मी म्हणते, सरकारची. बहीण नार्व्याहून येते तेव्हा आम्ही दोघी तिच्याविषयी बोलत नाही. बहिणीने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मागच्या वर्षी एके सकाळी नुस्तेकान्न टोपली उतरवता उतरवता म्हणाली, “बाय, तुझा चेडू कसा असा?”

मी म्हटलं, “कुठलं चेडू?”

“आता कित्याक लपयतंस? पयल्याच बुधवारी तू दोन बांगडे चड घेतलंस आणि मांजराक म्हणान सांगलंस. तुझ्या मांजराक मरान वरीस झाला हुता.”

मी खाली बसले. “म्हणजे तुला आधीच ठाऊक होतं?”

“माका, पोदेराक, दुकानदाराक. पेजेर जगणारी बाई इतके पाव खावक लागली, आमका काय दिसणा नाय? गावकाराक तर पयल्याच दिसा. तेच्या सुनेन बघितल्यान चेडवाक येताना.”

“मग त्याने माझ्याकडून सगळं वदवून का घेतलं?”

“देवासमोर सगळ्यांच्या तोंडातसून व्हय म्हाराजा म्हणून घेवक व्हया हुता तेका. एकदा म्हटला काय मगे कोणाक फुटाक येणा नाय.” मग तिने एक बांगडा पारखून माझ्या ताटलीत टाकला. “तू मूर्ख, म्हणान बरा झाला. शाणी असतंस तर सांगलंच नसतंस.”

गावकार त्याआधीच्या पावसात वारला होता. त्याच्याशी भांडायला, त्याच्या पाया पडायला, दोन्हीला उशीर झाला. पण माझ्या मनाला जे लागलं ते वेगळंच. म्हणजे ती राहिली असती तरी चाललं असतं. सगळं गाव तिला राखत होतं, आणि ती गेली. ते आठ दिवस, आणि त्यापुढचे कोण जाणे किती, माझ्या हातातून उगाच गेले.

वर्षातून एकदा, कधी दोनदा, वकीलबाई मला डिचोलीला बोलावतात आणि त्यांच्या टेबलावरून तिच्याशी बोलू देतात. कसं करतात ते त्यांनाच ठाऊक. दहा मिनिटं. ह्या वर्षी मी काजूचं सांगितलं, बहिणीच्या गुडघ्याचं सांगितलं, नातीला शाळेत बक्षीस मिळालं ते सांगितलं. आणि शेवटी, वकीलबाई घड्याळ दाखवू लागल्या तेव्हा, हे सांगितलं. म्हटलं, बाये, सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं, कोणी फुटलं नसतं, तू उगाच गेलीस, माझ्या बावळटपणाने गेलीस. ती म्हणाली,

“मावशे, गाव फुटेल म्हणून मी गेले नाही. मी राहिले असते आणि त्यांना नुसता वास आला असता, तर नुस्तेकान्नीपासून पोदेरापर्यंत सगळ्यांचे नंबर त्या यंत्रणेच्या यादीत चढले असते. ती बाई दुपारी टोपली उतरवून कोणाला फोन करते आणि काय हसते, ते तिचं तिला. माझ्यापायी ते कोणी ऐकत बसायला नको होतं.”